मानेतली सुई, मेंदूतला दाह: अर्धशिशीवरच्या वीस सत्रांचं एक प्रकरण

चेंगदूच्या पारंपरिक चिनी वैद्यक विद्यापीठाच्या पुढाकाराने ऑक्टोबर २०१२ ते सप्टेंबर २०१४ या काळात चीनमधल्या तीन केंद्रांवर अर्धशिशीच्या रुग्णांची एक चाचणी झाली. २०१७ साली ती ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. २४९ रुग्ण होते आणि सगळ्यांची अर्धशिशी ‘ऑरा’ नसलेली, म्हणजे दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा किंवा चमक न आणणारी. झटके महिन्याला २ ते ८. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला ॲक्युपंक्चरच्या नेमक्या बिंदूंवर सुया आणि त्यांतून सौम्य वीज. दुसऱ्याला तशाच सुया, तशीच वीज, पण बिंदू नसलेल्या जागी. तिसऱ्याला काहीच नाही, नुसती प्रतीक्षायादी.

सुयांच्या दोन्ही गटांना आठवड्यातून सलग पाच दिवस, मग दोन दिवस विश्रांती, असं चार आठवडे बोलावलं. एकूण २० सत्रं, प्रत्येक ३० मिनिटांचं. त्यानंतर उपचार बंद, फक्त डोकेदुखीची वही चालू. सोळाव्या आठवड्याला हिशेब केला तेव्हा खऱ्या गटातले झटके सरासरी ३.२ ने कमी झाले होते, खोट्या गटात २.१ ने आणि प्रतीक्षायादीत १.४ ने.

या तीन आकड्यांवर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक बाजू म्हणते, सुई चालते हे सिद्ध झालं. दुसरी म्हणते, ३.२ पैकी २.१ खोट्या सुईनेही मिळतात, मग उरलं काय? दोन्ही बाजूंचं एका तपशिलाकडे दुर्लक्ष होतं. खऱ्या गटाचे दोन बिंदू प्रत्येकासाठी सक्तीचे होते आणि दोन्ही डोक्यामानेवरचे: मानेच्या मागचा फेंगची (जीबी-२०) आणि कानाच्या वरचा शुआइगू (जीबी-८). खोट्या गटाच्या जागा होत्या हातापायांवर. म्हणजे तुलना निव्वळ ‘बिंदू’ आणि ‘बिंदू नसलेली जागा’ अशी राहिली नाही. डोक्याच्या दुखण्याची नस जिथे मेंदूत शिरते त्या भागाशी थेट जोडलेली त्वचा आणि स्नायू एकीकडे, त्या भागाशी थेट संबंध नसलेली त्वचा आणि स्नायू दुसरीकडे, अशीही ती तुलना झाली. सुईने मेंदूतला दाह शांत होतो का, हा मुद्दा इथूनच सुरू होतो.

दुखणं कुठे तयार होतं

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. ती कळते मेंदूवरच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. या आवरणांत चेहऱ्याच्या संवेदनेची नस, म्हणजे ट्रायजेमिनल, आपले बारीक तंतू पसरवून बसलेली असते. झटक्याच्या वेळी या तंतूंच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं प्रथिन बाहेर पडतं. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, आजूबाजूच्या मास्ट पेशी फुटून हिस्टामाइन सोडतात आणि टोकं अधिक हळवी होतात. लार्स एडविन्सन आणि पीटर गोड्सबी यांनी १९९० मध्ये झटका चालू असतानाच रुग्णांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासून त्यात सीजीआरपी वाढल्याचं दाखवलं. या दोघांना मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन यांच्यासह २०२१ चं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं ते अर्धशिशीवरच्या कामासाठीच.

या नसेचा संदेश पुढे मेंदूच्या देठात आणि मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी पोहोचतो. तिथेच मानेच्या दुसऱ्या मणक्याची नसही येऊन मिळते, जी डोक्याची मागची बाजू सांभाळते. एकाच पेशीवर दोन्हीकडचे संदेश आदळतात. म्हणूनच अनेकांची अर्धशिशी मानेतून उठते आणि भुवईत ठणकते. फेंगची बिंदू याच मानेच्या नसेच्या क्षेत्रात आहे. चिनी वैद्यांनी तो अनुभवातून निवडला, पण शरीररचनेच्या नकाशावरही तो बरोबर दारात बसतो.

झटके वारंवार येऊ लागले की या संगमाच्या जागी आणखी एक गोष्ट घडते. तिथल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या पहारेकरी पेशी, एरवी लांब बारीक हात पसरून शांत असतात. सतत उत्तेजित झालेल्या नसपेशींमधून एटीपी, म्हणजे पेशींच्या ऊर्जेचा रेणू, बाहेर सांडतो. तो मायक्रोग्लियावरच्या पी-२-एक्स-७ या ग्राहकाला चिकटतो, आत एनएलआरपी-३ नावाची प्रथिनांची जुळणी होते आणि इंटरल्युकिन-१-बीटा हा दाह पेटवणारा रेणू तयार होऊन बाहेर पडतो. सोबत तशाच जातीचा टीएनएफ-अल्फाही वाढतो. हे दोन्ही रेणू नसपेशीचा उंबरठा खाली आणतात, म्हणजे थोड्याशा संदेशालाही ती पेटते, आणि नसेच्या गाठीत (जिथे तिच्या पेशी एकवटलेल्या असतात) पोहोचले तर तिथून आणखी सीजीआरपी सोडायला लावतात, आणि चक्र पूर्ण होतं. रुग्णाला हे कळतं ते असं: केस विंचरताना टाळू दुखते, चष्म्याची काडी कानशिलावर नकोशी होते, उशीला डोकं टेकवलं तरी सणक जाते. नेहमीच्या स्पर्शालाच वेदनेचा अर्थ लागलेला असतो. नस हळवी झाली आहे आणि तिला हळवी ठेवणारा दाह आत टिकून आहे, याची ही सर्वांत सोपी खूण.

‘दाह’ म्हटल्यावर मेंदुज्वरासारखं काही डोळ्यांपुढे आणायचं कारण नाही. जंतू नाहीत, ताप नाही, नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसणारी सूजही नाही. हा पेशींच्या पातळीवरचा, धगधगत्या निखाऱ्यासारखा दाह आहे.

उंदराच्या भुवईवर काय दिसतं

जिवंत माणसाच्या मेंदूच्या देठातला तुकडा काढून बघता येत नाही, म्हणून दाह शांत होण्याचा पुरावा मुख्यतः उंदरांतून येतो. दोन पद्धती रूढ आहेत. एकीत उंदराच्या कवटीला बारीक भोक पाडून मेंदूच्या आवरणावर नळी बसवतात आणि जखम भरल्यावर रोज किंवा एकाआड एक दिवस ब्रॅडिकायनिन, सेरोटोनिन, हिस्टामाइन आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ यांचं मिश्रण सोडतात. प्रयोगशाळेत त्याला ‘दाहक सूप’ म्हणतात. दुसरीत डोकेदुखी उठवणारं नायट्रोग्लिसरीन पोटात टोचतात: किलोमागे १० मिलिग्रॅम, एक दिवस सोडून एक दिवस, नऊ दिवसांत पाच वेळा.

दुखणं मोजायचं कसं, हे पाहण्यासारखं आहे. ठरावीक ताकदीला वाकणारे नायलॉनचे तंतू असतात: एक ग्रॅमचा, दोन ग्रॅमचा, चार ग्रॅमचा, असे चढत्या क्रमाने. शांत बसलेल्या उंदराच्या डोळ्यावरच्या भागाला तंतू टेकवून तो किंचित वाकेपर्यंत दाबायचा. निरोगी उंदीर हलक्या तंतूकडे लक्षच देत नाही. सूप दिलेला उंदीर त्याच तंतूला मान झटकतो, पुढच्या पायाने भुवई खाजवतो, मागे सरकतो. केस विंचरताना कळवळणाऱ्या माणसाचं हे प्राण्यातलं रूप.

अशा उंदरांना फेंगचीच्या जागी दोन्ही बाजूंना सुई लावून २ आणि १५ हर्ट्झ आलटूनपालटून, ०.५ ते १ मिलिअँपिअर, १५ ते २० मिनिटं अशी वीज काही दिवस सलग दिली की भुवईचा उंबरठा हळूहळू वर चढतो. ट्रायजेमिनलच्या गाठीत आणि देठातल्या केंद्रात सीजीआरपी कमी आढळतं. मायक्रोग्लियाची खूण पटवणारं आयबीए-१ कमी रंगतं, पेशींचे आखडलेले हात पुन्हा लांब दिसतात, इंटरल्युकिन-१-बीटा आणि टीएनएफ-अल्फा उतरतात.

हे ऐकायला स्वच्छ वाटतं, पण इथे घसरायच्या जागा बऱ्याच आहेत. वीज देताना उंदीर हलू नये म्हणून त्याला आयसोफ्लुरेनने गुंगी देतात. ही गुंगी स्वतःच दाह आणि वेदना कमी करते. तेवढाच वेळ तेवढीच गुंगी दिलेला, पण वीज न दिलेला गट नसेल तर निकालाला अर्थ नाही. गुंगीऐवजी पिशवीत बांधून ठेवलं तर ताणाने शरीरातलं स्टेरॉइड वाढतं आणि तेही दाह दाबतं. कवटीला भोक पाडताना ड्रिल आवरणापर्यंत पोहोचली तर ज्या उंदरांना सूप दिलंच नाही त्यांचाही मेंदू दाहाने भरतो आणि गटांतला फरक पुसला जातो. नायट्रोग्लिसरीन ज्या द्रावणात विरघळवतात ते द्रावणही थोडं दुखवतं, म्हणून तुलनेच्या गटाला मिठाचं पाणी देऊन चालत नाही, तेच द्रावण द्यावं लागतं. शिवाय पुष्कळ प्रयोग नर उंदरांवर होतात. अर्धशिशी बायकांत पुरुषांच्या साधारण तिप्पट असताना हा दोष किरकोळ म्हणता येत नाही.

सर्वांत मोठी गल्लत कारण आणि परिणामाची. वेदना कमी झाली की मायक्रोग्लियाही शांत होणारच, कारण त्यांना चेतवणारा एटीपीच कमी सांडतो. मग सुईने दाह कमी केला आणि त्यामुळे वेदना गेली, की उलट झालं? याचं उत्तर नुसत्या रंगवलेल्या काचपट्ट्यांतून मिळत नाही. त्यासाठी सुईच्या उपचारासोबत पी-२-एक्स-७ मुद्दाम चेतवणारं औषध देऊन बघावं लागतं. त्याने सुईचा फायदा नाहीसा झाला तर तो मार्ग खरोखर कामाचा आहे असं म्हणता येतं. या विषयावरचा प्रबंध हातात आला की असा गट आहे का, एवढं आधी शोधावं. बाकीचं नंतर वाचलं तरी चालतं.

वीज नेमकं काय करते

नसांच्या तंतूंना विजेची वारंवारता ओळखता येते. पेकिंग विद्यापीठातल्या हान जिशेंग यांच्या गटाने दाखवलं की २ हर्ट्झला मेंदू-मज्जारज्जूत एन्केफॅलिन आणि बीटा-एंडॉर्फिन सुटतात, १०० हर्ट्झला डायनॉर्फिन. दोन्ही आलटूनपालटून दिले तर दोन्हीकडचा लाभ. चेंगदूच्या चाचणीत म्हणूनच २/१०० हर्ट्झ ठेवलं होतं, दर तीन सेकंदांनी बदलणारं, आणि तीव्रता ०.१ ते १ मिलिअँपिअर, रुग्णाला सहज सोसेल इतकीच.

हा वेदनाशामक मार्ग झाला. दाहाचा मार्ग वेगळा असू शकतो, याचा भक्कम दाखला दुसऱ्या आजारातून आला. हार्वर्डमधल्या चिउफू मा यांच्या गटाने २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की उंदराच्या गुडघ्याखालच्या झुसानली (एसटी-३६) बिंदूवर ०.५ मिलिअँपिअर दिलं की पायातल्या विशिष्ट संवेदी तंतूंमार्फत व्हेगस नस (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी) आणि मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी जागी होऊन शरीरभरचा दाह उतरतो. हे अर्धशिशीचं प्रतिमान नव्हतं, जिवाणूंच्या विषाने आणलेल्या दाहाचं होतं. पण त्याआधी २०२० साली याच गटाने मांडलेली एक गोष्ट सुई लावणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. पोटावरच्या बिंदूला ३ मिलिअँपिअर इतकी जोरदार वीज विष टोचण्याआधी दिली तर दाह कमी झाला. तीच वीज दाह पेटल्यावर दिली तर तो वाढला. जागा, जोर आणि वेळ यांतलं एक बदललं तर परिणाम उलटतो. ‘जास्त वीज, जास्त गुण’ हा समज इथेच संपतो.

माणसात दाह आहे का, हे पाहायला पीईटी स्कॅनमध्ये टीएसपीओ नावाच्या, दाहात वाढणाऱ्या प्रथिनाला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य वापरतात. ऑरा असलेल्या रुग्णांत ते थॅलॅमससारख्या (मेंदूतलं संवेदनांचं ठाणं) भागांत आणि मेंदूच्या आवरणांतही जास्त चमकलेलं दिसलं आहे. टीएसपीओ फक्त मायक्रोग्लियात नसतं, तेव्हा ही चमक म्हणजे मायक्रोग्लियाच असं म्हणणं घाईचं होईल.

उशिरा येणारा गुण

पुन्हा मूळ प्रकरणाकडे. फरक मोजला तो सोळाव्या आठवड्याला, म्हणजे शेवटची सुई काढून बारा आठवडे उलटल्यावर. एंडॉर्फिनचा परिणाम इतका टिकत नाही, तो तासांत मोजायचा. याच विद्यापीठाची आधीची एक चाचणी २०१२ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती: ४८० रुग्ण, तीही वीस सत्रांची, विजेसकट. तिच्यात पाचव्या ते आठव्या आठवड्यात खऱ्या आणि खोट्या सुईत ठळक फरक नव्हता. तेराव्या ते सोळाव्या आठवड्यात तो दिसला, तोही आकाराने लहान. २०२० मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या १५० रुग्णांच्या चाचणीत वीज नव्हती, फक्त हाताने फिरवलेल्या सुया होत्या, वीस सत्रं आठ आठवड्यांत. तिथेही फरक स्पष्ट झाला तो तेराव्या आठवड्यानंतर.

उशिरा उमटणारा आणि उपचार थांबल्यावरही टिकणारा गुण तात्पुरत्या वेदनाशमनापेक्षा हळव्या झालेल्या केंद्राचा उंबरठा सावकाश वर येण्याशी जास्त जुळतो. हा आमचा निष्कर्ष आहे, मोजलेली गोष्ट नाही. पण उंदरातला दाहाचा पुरावा आणि माणसातले झटक्यांचे आकडे यांना जोडणारा सर्वांत सरळ धागा हाच वाटतो.

याला छेद देणारी चाचणी जर्मनीची. २००५ साली ३०२ रुग्णांना आठ आठवड्यांत १२ सत्रं दिली. खऱ्या गटात डोकेदुखीचे दिवस २.२ ने कमी झाले, वरवर टोचलेल्या खोट्या गटातही २.२ ने, प्रतीक्षायादीत ०.८ ने. ही चाचणी टाळून कुणी सुईची बाजू मांडू नये. मात्र तिथली मात्रा वेगळी होती: सत्रं कमी, मधलं अंतर मोठं. उंदरांत दाह उतरतो तो जवळजवळ रोजच्या मात्रेवर. आठवड्यातून एकदा सवडीने येणाऱ्या रुग्णाला चेंगदूचे आकडे सांगणं म्हणूनच अयोग्य आहे.

खाटेवर

पहिल्या सुईआधी चार आठवड्यांची वही हवी: तारीख, किती तास, किती तीव्र, कुठली गोळी, किती. महिन्यातले १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान (झटका थांबवणाऱ्या अर्धशिशीच्या खास गोळ्या), किंवा १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामकं, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर गोळ्यांच्या अतिवापरानेच डोकं दुखत असण्याची शक्यता मोठी. ते ओळखलं नाही तर वीस सत्रं वाया जातात आणि दोष सुईला मिळतो. प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, टोपिरामेट यांसारखं प्रतिबंधक औषध चालू असेल तर ते सुईच्या भरवशावर बंद करू नये. क्षणात कळस गाठणारं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, नजर जाणं यांपैकी काही असेल तर आधी रुग्णालय. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. सुई लावणाऱ्याची तिथे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको.

फेंगची शोधायला अंगठा कानामागच्या हाडावरून मागे सरकवत न्यायचा. कवटीची कड संपते तिथे, मानेच्या बाजूचा आणि मागचा असे दोन स्नायू जिथे एकमेकांपासून फाकतात, त्या खड्ड्यात तो आपोआप रुततो आणि रुग्ण ‘हां, इथेच’ म्हणतो. सुई ०.२५ मिलिमीटर जाडीची, एकदाच वापरायची. टोक नाकाच्या शेंड्याकडे, खोली १५ ते २५ मिलिमीटर, बारीक मानेच्या माणसात त्याहून कमी. सुई वर आणि आत वळवून खोल घालणं हा या बिंदूवरचा सर्वांत धोकादायक प्रकार, कारण पलीकडे मणक्याची धमनी आणि मेंदूचा देठ आहे. शुआइगूची सुई कानाच्या टोकावर दीड अंगठा उंचीवर, कवटीला समांतर, त्वचेखालून सरकवायची.

विजेच्या यंत्राचे चिमटे सुयांना लावताना दोन्ही बटणं शून्यावर आहेत हे डोळ्यांनी बघायचं. एका जोडीच्या दोन सुया एकाच बाजूला ठेवायच्या. प्रवाह छातीतून किंवा गळ्याच्या पुढच्या भागातून आडवा जाईल अशी जोडणी कधीच नाही. पेसमेकर असेल तर वीज नाही. सुईची मूठ धातूची हवी. प्लॅस्टिकच्या मुठीतून वीज जात नाही, मग काहीच जाणवत नाही म्हणून बटण वाढवत नेलं जातं आणि चिमटा घसरून पात्याला टेकला की रुग्ण दचकून उठतो. गंजलेल्या चिमट्यानेही हेच होतं. यंत्रातून बाहेर पडणारी लहर दोन्ही दिशांना समतोल असावी लागते. एकाच दिशेची वीज झिरपत राहिली तर सुईचा धातू झिजतो, ती तुटू शकते आणि त्वचेवर काळा ठिपका पडतो.

जोर वाढवायचा तो स्नायूत हलका ठोका दिसेपर्यंत आणि रुग्णाला मुंग्यांसारखं, पण न दुखणारं जाणवेपर्यंत. पाचेक मिनिटांत ही जाणीव बोथट होते, तेव्हा बटण किंचित पुढे. ज्याची टाळू स्पर्शालाही दुखते त्याला पहिल्या दोन-तीन सत्रांत मानेवर वीज न देता हातापायांवरच्या बिंदूंपासून सुरुवात केलेली बरी. हळव्या केंद्रावर एकदम जोर दिला तर खाटेवरच झटका उठतो. पहिलं सत्र झोपवूनच, कारण काहींना सुई लागताच घाम फुटून भोवळ येते. तसं झालं तर वीज शून्यावर, सुया बाहेर, पाय उंच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुई काढल्यावर जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरावी. गर्भारपणात हाताचा हेगू (एलआय-४) टाळतात.

सत्रं संपताच पाचव्या आठवड्यात वही उघडून ‘काही फरक नाही’ म्हणणारे रुग्ण हमखास भेटतात. त्यांना वही बंद करू देऊ नये. मोजणी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालवायची, आणि मोजायचे झटके, दुखण्याचे दिवस आणि गोळ्या, तिन्ही वेगवेगळे. चौथा रकाना आमच्या मते हवाच: आज केस विंचरताना टाळू दुखली का, हो की नाही. आतला दाह खरंच उतरत असेल तर त्या रकान्यातले ‘हो’ विरळ होत जायला हवेत.